सुमिता की स्मिता?

आपल्या घराण्याच्या वेबसाइटचं २०२३ साली नक्की काय झालं होतं, असं गेल्या महिन्यात लागोपाठ दोघांनी विचारलं. एक पुण्याचे काका आणि दुसरी माझी न्यू जर्सीची मावसबहीण (जिचा खरं तर या घराण्याशी काही संबंध नाही, पण तिला चौकशा फार). फोनवर सांगताना माझी गाडी दरवेळी 'एन्कोडिंग'पाशी अडते आणि समोरून "हं... हं..." असा हुंकार यायला लागतो. म्हणून एकदाच लिहून काढते. थोडं तांत्रिक आहे, पण शाळेत बाराखडी शिकलेल्या कुणालाही कळेल असं लिहायचा प्रयत्न आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत वेबसाइटवर आहे. तो मुळात माझ्या आत्याने जमवला. आत्या सांगलीला शाळेत शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने वह्या केल्या आणि माणसं गाठायला सुरुवात केली. लग्नात, मुंजीत, तेराव्याला, जिथे चार म्हातारी माणसं बसलेली दिसतील तिथे आत्या वही घेऊन हजर. जुने छापील कुलवृत्तांत तुम्ही पाहिले असतील. पणजोबा, त्यांचे पाच मुलगे, त्या पाचांचे अकरा मुलगे, आणि बायकांच्या नावाने एखादी ओळ, फार तर 'कन्या २'. आत्याचा सगळा राग त्या 'कन्या २'वर होता. तिने ठरवलं होतं की प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, सासरचं नाव, आणि लहानपणी गेलेली मुलंसुद्धा नावानिशी लिहायची. "गेली म्हणून काय झालं, आली होती ना?" हे तिचं वाक्य नात्यातल्या सगळ्यांना पाठ आहे.

२००४ साली माझ्या चुलतभावाने, दादाने, त्या वह्यांवरून वेबसाइट उभी केली. तो काळ आठवतोय का? विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि मग मूळ सीडी घाला म्हणून संगणक हट्ट धरायचा. टंकायला बरहा. दादा रात्री जागून नोंदी भरायचा आणि आत्या फोनवर सांगायची, "अरे, यमुनाला दोन मुली लिहिल्यास, तीन होत्या." पुढे दादा टोरांटोला गेला, तरी हे चालूच राहिलं. मग आत्या स्वतः टंकायला शिकली आणि २०१६ मध्ये जाईपर्यंत भर घालत राहिली.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं ते. आमचं घर गावभागात. आत्याच्या वह्या खालच्या खोलीत लोखंडी ट्रंकेत होत्या. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर वह्या होत्या, पानंही होती, पण आत्या आयुष्यभर शाईच्या पेनाने लिहायची. निळसर फिकट पानं उरली. तेव्हा सगळे एकमेकांना म्हणाले, "जाऊ दे, वेबसाइटवर आहे ना सगळं."

आता २०२३. ज्या होस्टिंग कंपनीकडे आमची जागा होती (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) त्यांनी जून महिन्यात जुना सर्व्हर बंद करून सगळ्यांचं सामान नव्या सर्व्हरवर हलवलं. दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडली तर एकही मराठी अक्षर नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग किरणं फुटलेल्या वाटोळ्यासारखं चिन्ह, मग जपानी येनचं चिन्ह, पुन्हा ए... पानंच्या पानं. दादाने तक्रार केली. त्यांच्या मदतनीसाने तत्परतेने 'दुरुस्ती' केली. त्यानंतर त्याच खिचडीत जागोजागी प्रश्नचिन्हं दिसायला लागली. आणि त्यांच्याकडचे बॅकअप १४ दिवसांचेच, ही भानगड पूर्ण कळेपर्यंत ते १४ दिवस उलटून गेले होते. दादा म्हणाला, "तू डेटाबेसमध्ये काम करतेस ना? बघ बाई आता तूच."

पहिलं काम काय केलं असेल, तर मोडक्या डेटाबेसचीच एक प्रत काढून बाजूला ठेवली. जशी आहे तशी, कचऱ्यासकट. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण दुरुस्तीचा घात बहुतेक वेळा दुसऱ्या दुरुस्तीने होतो. मदतनीसाने तेच केलं होतं. पहिल्या बिघाडात खरं म्हणजे काहीच हरवलं नव्हतं. दुसऱ्यात हरवलं.

(मधे एक साधा बिघाडही होता, तो उरकून टाकते. टिपांचा तक्ता उघडतच नव्हता, 'क्रॅश झालेला आहे' म्हणून सांगत होता. आमचे तक्ते जुन्या मायआयसॅम पद्धतीचे होते. त्यात मजकूर एका फाइलमध्ये असतो आणि अनुक्रमणिका दुसऱ्या. सर्व्हर मधेच बंद पडला की अनुक्रमणिका अर्धवट राहते. ग्रंथालयातली पुस्तकं जागेवर आहेत आणि नोंदवही फाटली आहे, तशी स्थिती. 'रिपेअर टेबल' ही आज्ञा दिली की तो मजकूर पहिल्यापासून वाचून अनुक्रमणिका नव्याने बांधतो. दोन मिनिटांत झालं. सगळे बिघाड असे असते तर!)

आता मुख्य गोष्ट. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. यूटीएफ-८ नावाच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन आकड्यांत लिहितात. काना, वेलांटी, उकार, अनुस्वार, प्रत्येकाचे तीन-तीन. पहिला आकडा नेहमी २२४. दुसरा १६४ किंवा १६५. तिसरा त्या अक्षराची खरी ओळख. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. पोस्टाच्या पिनकोडासारखं समजा, पहिले आकडे प्रांत सांगतात आणि शेवटचा घर.

आमचा डेटाबेस मायएसक्यूएल. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेल्या कंपनीचा. त्यामुळे वेगळं काही सांगितलं नाही तर तो समजे की आलेला मजकूर पश्चिम युरोपातल्या भाषांचा आहे आणि त्याचा वर्णक्रम स्वीडिश लावायचा. हसू नका, खरोखर त्या सेटिंगच्या नावातच 'स्वीडिश' आहे आणि २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत मूळ सेटिंग तेच होतं. त्यामुळे जगभरात किती मराठी, तमिळ, थाई मजकूर स्वीडिश म्हणून नोंदला गेला असेल देव जाणे. त्या वर्गात एका आकड्याला एक अक्षर. म्हणून आमचा एक 'म' त्याच्या लेखी तीन अक्षरांचा शब्द होता. पण त्याने काही बिघडत नव्हतं. वेबसाइट आकडे देई, तो ठेवून घेई, मागितले की तसेच परत देई. बरणीत मेतकूट आहे आणि लेबल बेसनाचं आहे, पण घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, तर काय अडतंय?

अडतं ते घर बदलताना. नव्या सर्व्हरने लेबल वाचलं, 'अच्छा, बेसन' म्हणाला, आणि प्रामाणिकपणे त्या 'युरोपीय' अक्षरांचं यूटीएफ-८ मध्ये भाषांतर केलं. झालं, मेतकुटाचं पिठलं. ही मात्र उलट फिरवता येणारी चूक आहे. जी पावलं टाकली तीच उलटी टाकायची. आधी ते भाषांतर उलटं करून मजकूर पुन्हा त्या 'युरोपीय' रूपात न्यायचा, मग रकान्याचा प्रकार निव्वळ आकडे असा करायचा, म्हणजे लेबल सोलून काढायचं, आणि मग नवं खरं लेबल लावायचं. आतल्या मालाला हात लावायचा नाही.

मदतनीसाने उलटी पावलं टाकायचाच प्रयत्न केला, पण त्याचं साधन कडक होतं. विंडोजच्या युरोपीय तक्त्यात २५६ घरं आहेत, त्यातली पाच रिकामी आहेत. १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. मायएसक्यूएल ही रिकामी घरंही गुपचूप चालवून घेतो. याच्या साधनाने ती चालवून घेतली नाहीत. ज्याला घर नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून पुढे गेलं.

मी कागदावर आकडेमोड करून बघितली की या पाच घरांत आपली कोणती अक्षरं राहतात. आणि डोक्याला हात लावला. दुसरा आकडा १६४ असेल तर ए, ऐ, झ, चंद्रबिंदू आणि ऍ. तेही परवडलं असतं. दुसरा आकडा १६५ असेल तर ॐ, ऱ्हस्व उकार, आणि पाय मोडायचं चिन्ह. म्हणजे हलन्त. म्हणजे मराठीतलं एकूण एक जोडाक्षर!

दीर्घ ऊकार शाबूत होता, त्याचा आकडा १३०, त्याला घर आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा शंभर वर्षांचा वाद यंत्राने एका झटक्यात मिटवला होता.

मग नोंदी वाचायला बसले. तो अनुभव विचित्र होता. आई, बाबा, काका, मामा, मावशी, दादा, ताई सगळे सुखरूप. सांगली, मिरज, इंदूर जिथल्या तिथे. पण 'आत्या'त प्रश्नचिन्ह. 'जन्म'मध्ये प्रश्नचिन्ह, 'लग्न'मध्ये, 'मृत्यू'मध्ये. 'विवाह' लिहिलं होतं तिथे विवाह टिकला. मुलगा आणि मुलगी दोघांचाही उकार गेलेला, त्यांच्यात तरी समानता आली. 'पुत्र'मध्ये दोन प्रश्नचिन्हं. 'कुसुम'मध्ये दोन, 'पुष्पा'मध्ये दोन, 'रुक्मिणी'मध्ये दोन. श्रीमती एकही धड नाही.

दादाकडे २०११ साली काढून ठेवलेली एक सीडी निघाली. पहिल्या दोन ड्राइव्हनी ती ओळखलीच नाही, तिसऱ्या म्हाताऱ्या ड्राइव्हने कुरकुरत वाचली. त्यात तोवरच्या नोंदी होत्या आणि आकडे बिनचूक होते. म्हणजे दोनतृतीयांश काम तिथेच संपलं. उरल्या २०११ ते २०१६ मधल्या तीनशेच्या आसपास नोंदी. आत्याच्या शेवटच्या पाच वर्षांतल्या. तेव्हा तिचे गुडघे गेले होते, प्रवास बंद होता, आणि ती दुपारी फोनवर बसून घराण्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बायकांना एकेक करून गाठत होती. या नोंदी वह्यांत होत्या आणि वेबसाइटवर होत्या. वह्या नदीने नेल्या.

तीनशे नोंदी आणि टिपा मिळून चार हजारांवर प्रश्नचिन्हं निघाली. हाताने करणं शक्य नव्हतं, म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक बरं होतं. हरवलेल्या अक्षराचा तिसरा आकडाच गेला होता, पहिले दोन होते. म्हणजे खरं प्रश्नचिन्ह कोणतं आणि हरवलेल्या अक्षराचं कोणतं हे ओळखता येत होतं, आणि ते ए-ऐ-झच्या गटातलं आहे की उकार-पायमोडक्याच्या, हेही. पहिला गट सोपा. 'एकनाथ'चा ऐकनाथ किंवा झकनाथ कोण करेल?

दुसऱ्या गटात प्रत्येक ठिकाणी दोनच पर्याय, उकार की पाय मोडका. ॐ फक्त एका टिपेच्या सुरुवातीला होता. इथे शाळेतलं व्याकरण कामाला आलं. पुढे अनुस्वार असेल तर उकारच, कारण पाय मोडलेल्या अक्षरावर अनुस्वार बसत नाही. मुंबई सुटली. मागेपुढे तेच अक्षर असेल तर बहुधा पाय मोडका. अण्णा, दत्ता, विठ्ठल सुटले. पुढे य असेल तर बहुधा पाय मोडका. शिवाय सीडीवरच्या जुन्या नोंदींतले सगळे शब्द काढून त्यांची यादी केली आणि दोन्ही पर्याय तिच्याशी ताडून पाहिले. 'क्स्म' असा शब्द यादीत नाही, 'कुसुम' सतरा वेळा आहे. कुसुम घरी आली.

इथे जाणकारांसाठी एक सूचना. असा मजकूर ब्राउझरमधून उचलून नोटपॅडमध्ये चिकटवून दुरुस्त करायला जाऊ नका. 'ठ'चा तिसरा आकडा १६०, आणि त्या युरोपीय तक्त्यात १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. चिकटवताना तिची साधी मोकळी जागा होऊन जाते आणि ठ मेला. 'मराठी' या शब्दात नेमका तोच आहे, काय बोलायचं!

प्रोग्रॅम जे ठरवेल ते मी थेट डेटाबेसमध्ये लिहू दिलं नाही. आधीचा शब्द, नवा शब्द आणि कोणत्या नियमाने बदलला, अशी यादी छापून घेतली आणि रोज रात्री जेवणं झाल्यावर पेन्सिलने तपासली. दोन आठवडे लागले. कंटाळवाणं काम होतं, पण त्या निमित्ताने आत्याच्या टिपा पहिल्यांदाच सलग वाचल्या. एरवी आपण आपलं पान बघतो आणि बंद करतो. एका बाईच्या नोंदीत तिने लिहिलं होतं की हिला गणित येत होतं आणि नवऱ्याच्या दुकानाचे हिशेब हीच लिहायची, पण वहीवर सही त्याची. एकीबद्दल फक्त 'फार हसायची. सांगताना तिची सून रडली.' हे असं कुठल्या छापील कुलवृत्तांतात मिळणार?

शेवटी ६१ शब्द उरले, जिथे दोन्ही पर्याय खरे असू शकत होते. वर्ण की वरुण, करुणा की कर्णा, असले बरेचसे संदर्भाने सुटले. पण सगळे नाहीत. इंदूरच्या एका काकूंच्या नावात सुवर्णा की स्वर्णा हे ठरेना. आत्या गावोगावच्या उच्चाराप्रमाणे लिहायची, त्यामुळे अंदाज करणं बरं वाटेना. सरळ फोन लावला. काकू म्हणाल्या, "अगं सुवर्णा! स्वर्णा काय, मी काय सराफ्यातलं दुकान आहे?" मग अर्धा तास गप्पा झाल्या आणि डेटाबेसमध्ये दोन नवी नातवंडं चढली.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली होती, तिथे मात्र घोळ झाला. लोक आत्मविश्वासाने उत्तरं देत होते. एकाच पणजीला तिघांनी तीन नावं दिली. त्या दोन पर्यायांत न बसणारी नावंही आली! शेवटी नियम केला की ज्याने त्या माणसाला प्रत्यक्ष हाक मारलेली आहे त्याचंच ऐकायचं. बाकीच्यांनी सुप्रभात पाठवत राहावं.

असं करत ६१ चे शून्यावर येता येता एक अडकलं.

माझ्या एका चुलत आजोबांची पहिली मुलगी. जन्म १९४८, मृत्यू १९५१, घटसर्पाने. नाव: स, प्रश्नचिन्ह, मिता. सुमिता की स्मिता? यादीत दोन्ही नावं होती. टिपेत आत्याने लिहिलेलं: 'हिचं नाव घरात घेत नाहीत. मला हिच्या धाकट्या मावशीकडून कळलं.' बस, एवढंच. तिच्यानंतरचे भाऊ आहेत, ७२ वर्षांचे. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "मी नंतरचा ना गं. आई तिला बेबी म्हणायची. तेही क्वचित." फोटो नाही. त्या काळातला जन्माचा दाखला शोधला, पण नगरपालिकेच्या नोंदीत बारशाआधीच नोंद झालेली, नावाचा रकाना कोरा.

दादा म्हणाला, "स्मिता लिही. जास्त प्रचलित आहे." तर्काने त्याचं बरोबर होतं. प्रोग्रॅमचंही मत तेच होतं, कारण यादीत स्मिता पाच होत्या आणि सुमिता एक. पण त्या पाच जणींमुळे हिचं नाव ठरावं हे मला पटेना. माझ्या ऑफिसात एखाद्या गिऱ्हाइकाच्या नावात असं झालं असतं तर मी बहुमताने निकाल दिलाही असता. गिऱ्हाईक फोन करून ओरडतं आणि चूक सुधारते. ही कुणाला फोन करणार होती?

ती मावशी मिरजेला असते असं कळलं. वय ९२. ऐकू जवळजवळ येत नाही, म्हणून फोनचा प्रश्न नव्हता. एका रविवारी गेले. तिच्या नातवाने आधी कल्पना दिली होती, "आजीला बरा दिवस असेल तर सांगेल, नाहीतर चहा घेऊन या." दोन कोऱ्या कागदांवर मोठ्या अक्षरांत दोन नावं लिहून नेली होती. एकावर सुमिता, एकावर स्मिता. तिने दोन्ही कागद हातात घेतले, चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, नकोच होतं यायला.

मग म्हणाली, "दोन्ही."

मला कळलं नाही. नातवाने कानाशी ओरडून पुन्हा विचारलं. ती त्याच्यावरच चिडली. "ऐकू येतंय मला! बारशाला स्मिता ठेवलं. माझ्या भावोजींनी पुस्तकात वाचलं होतं. पण तिच्या आजीला ते म्हणता येईना. दातच नव्हते. ती सुमिता म्हणायची. मग आम्ही सगळेच सुमिता म्हणायला लागलो. पोरगी स्वतः 'छुमिता' म्हणायची."

आणि मग तिने कागदांच्या घड्या घातल्या आणि दोन्ही उशीखाली ठेवले. मी परत मागितले नाहीत.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब करत बसले. प्रश्न तसाच राहिला होता. खरं नाव काय याचं उत्तर मिळालं होतं, पण आत्याने काय लिहिलं होतं याचं नाही. उकाराचे तीन आकडे, पायमोडक्याचेही तीनच, त्यामुळे शब्दाच्या लांबीवरूनही काही कळत नाही. आत्याला हीच हकिकत कळली असेल तर तिने टिपेत नक्की लिहिली असती. म्हणजे मावशीने तिला एकच नाव सांगितलं असणार. कोणतं?

शेवटी नावाच्या रकान्यात 'सुमिता' लिहिलं, कारण हाक तीच होती. टिपेत आत्याच्या ओळी होत्या तशा ठेवल्या आणि खाली वेगळ्या परिच्छेदात, तारीख आणि माझं नाव घालून, मिरजेला ऐकलेलं सगळं लिहिलं, 'छुमिता'सकट. मूळ नोंदीतलं एक अक्षर हरवलं आहे आणि कोणतं ते कळलेलं नाही, हेही लिहिलं. दादाने वाचून फक्त एवढंच पाठवलं, "तिच्या भावाला दाखवलंस का?" दाखवलं होतं. त्यांनी छापून घेतलं.

जाता जाता, मायएसक्यूएलमधला 'माय' म्हणजे इंग्रजीतलं 'माझं' नव्हे. ज्याने तो डेटाबेस लिहिला त्या माँटी विडेनियसच्या मोठ्या मुलीचं नाव माय आहे. धाकटीचं मारिया, तिच्या नावाचा मारियाडीबी. आत्याला हे सांगायला हवं होतं, खूश झाली असती.

आता देखभालीबद्दल, कारण काकांचा खरा प्रश्न तोच होता. 'पुन्हा होणार नाही ना?' सगळे तक्ते आता यूटीएफ-८ च्या चार आकडी पद्धतीत आहेत (मायएसक्यूएलचं नुसतं 'यूटीएफ-८' हे तीन आकड्यांवरच थांबतं. देवनागरीला पुरतं, पण कुणी नातवाच्या नावापुढे हसरा चेहरा घातला की मजकूर तिथेच तुटू शकतो). मायआयसॅम जाऊन इनोडीबी आलं, ते मधेच वीज गेली तरी आपलं आपण सावरतं. होस्टिंग बदललं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पूर्ण प्रत काढते. नुसती काढून ठेवत नाही, माझ्या लॅपटॉपवर कोऱ्या डेटाबेसमध्ये ती भरून बघते. भरून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न उघडलेला नारळ, आत खोबरं आहे की कुजकं पाणी कुणाला ठाऊक.

आणि एक गंमत केली आहे. डेटाबेसमध्ये एक खोटा माणूस घातला आहे. त्याच्या नावात ॐ आहे, ए, ऐ, झ, ऍ, चंद्रबिंदू, ठ्ठ, उकार आणि 'दुसऱ्या'तला तो अडनिडा र. प्रत भरली की आधी त्याचं पान उघडते. तो धड असला की बाकीचे धड असतात. शितावरून भाताची परीक्षा. वेबसाइटवर तो दिसत नाही, वंशावळीत त्याला आईबाप नाहीत, पण सध्या घराण्यातला सगळ्यात कामाचा माणूस तोच आहे.

शिवाय सगळं छापून तीन प्रती केल्या आहेत. एक टोरांटोला, एक पुण्याला काकांकडे, एक सांगलीच्या घरात वरच्या मजल्यावर. लेझर प्रिंटरच्या आहेत, पाण्याने अक्षर जाणार नाही.

तेव्हा नातेवाईक मंडळी, दिवाळीच्या आत आपापली पानं उघडून एकदा वाचा. ६१ पैकी ६० मी सोडवले असं म्हणते खरी, पण प्रोग्रॅमने सोडवलेल्या चार हजारांत एखादी चुकीची 'करुणा' बसली असू शकते. आणि मिरजेच्या आजींसारखं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर फोनवर भागवू नका. कागद घेऊन जा. जाड पेनाने, मोठ्या अक्षरात.